बरा झालो त्या वर्षीची सीताफळं

सीताफळ हे लबाड फळ आहे, असं माझं ठाम मत आहे. आंबा कसा आठ दिवस आधी सांगून-सवरून पिकतो. रंग बदलतो, वास सोडतो, घरातल्या लहान-थोरांना तयारीला वेळ देतो. सीताफळ काही सांगत नाही. सकाळी हातात घ्यावं तर दगड, आणि संध्याकाळी सहज दाबून बघावं तर अंगठा आत जातो. मग खा नाहीतर टाका. या फळाच्या मागे धावता धावता माझी कंबर गेली, असं मी म्हणतो तेव्हा महानंदा, म्हणजे माझी बायको, लगेच म्हणते, "कंबर आधीच गेलती. फळाच्या नावानं बिलं फाडू नका."

अंबाजोगाईत या आठवड्यात टोपल्या लागल्या. आम्ही दोघं तीन वर्षांपासून इथं मुलीकडे राहतो. काल गिरिजा बँकेतून येताना पिशवीभर सीताफळं घेऊन आली आणि तांदळाच्या डब्यात दडपून ठेवली. आज सकाळी उठलो तर स्वयंपाकघरापासून माझ्या खाटेपर्यंत तो गोड, जरासा आंबूस वास आला होता. दसरा जवळ आलाय, उन्हाला पिवळेपण आलंय, आणि मी खाटेवर पडल्या पडल्या चौसाळ्याच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

आमचं घराणं दुकानदारीचं. चौसाळ्यात हायवेला लागून दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, किराणा दुकान. मला तराजू कधी जमला नाही, म्हणून मी पुण्याला एका कंपनीत लागलो. आधी पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो, मग मालाचा टेम्पो चालवायला दिला. जड वाहनाचं लायसन तेव्हाचंच. एक दिवस लोखंडी साचा उचलायला चौघं हवे होते तिथं आम्ही तिघंच लागलो आणि माझ्या पाठीत काहीतरी सरकलं. मणक्याचा आजार. डॉक्टरांनी फळीवर झोपायला सांगितलं, कमरेला पट्टा दिला, आणि कामगार विम्याचा आजारपणाचा भत्ता सुरू झाला. पुण्यात एकट्यानं फळीवर झोपून काय करायचं? मी चौसाळ्याला घरी आलो. महिन्यातून एकदा एस.टी.नं पुण्याला जायचो, बसता येत नसे म्हणून निम्मा रस्ता उभ्यानं, आणि विम्याच्या दवाखान्यातून अजून आजारी असल्याचा दाखला घेऊन परत यायचो.

हे असं अकरा महिने चाललं.

त्या अकरा महिन्यांची मला किती लाज वाटत होती, ते आज कुणाला सांगून पटणार नाही. धडधाकट दिसणारा माणूस, हात-पाय जागेवर, आणि दिवसभर घरात. स्टँडवरच्या हॉटेलात चहाला गेलो की कुणीतरी विचारायचंच, "काय बे, अजून दुखतीय का पाठ? का गोड लागलंय बसून?" मी हसायचो. घरी येऊन मात्र महानंदावर उगाच खेकसायचो. ती बिचारी सकाळी शेतात जायची, ती दिवस कलल्यावर यायची. घरात मी आणि गिरिजा. ती तेव्हा तिसरीत होती.

तिची वेणी घालायला मी तेव्हा शिकलो. कुशीवर पडून, ती खाली जमिनीवर बसलेली. सुरुवातीला एक वेणी कानाच्या वर आणि एक मानेवर यायची, शाळेत बाई हसायच्या. महिन्याभरात हात इतका बसला की शेजारची पोरगीही येऊन रांगेत बसायला लागली. अंगणात कुणा पुरुषाची चाहूल लागली की मी फणी उशीखाली सरकवायचो आणि कण्हायला सुरुवात करायचो. गिरिजाला ते फार आवडायचं. ती मुद्दाम "कोण आलं, काका आलं का?" असं मोठ्यानं म्हणायची आणि माझी धांदल बघून तोंडावर हात ठेवून हसायची.

संध्याकाळी पेपर. मला हात वर धरून वाचता येत नसे, म्हणून ती वाचायची. आधी फक्त मथळे, मग बातम्या, मग सगळंच. 'उदारीकरण' हा शब्द तिनं पहिल्यांदा वाचला तेव्हा चार ठिकाणी ठेचकाळली. म्हणजे काय, म्हणून विचारलं. मी म्हणालो, म्हणजे आता कुणीही काहीही करू शकतं. "मग आपण काय करायचं?" मी तिला पुढची बातमी वाचायला सांगितली. वाचून झालं की ती माझ्या पोटऱ्यांवर उभी राहायची आणि भिंतीला हात लावून पाय तुडवायची. वजन तरी किती होतं तिचं! तुडवता तुडवता ती पाढे म्हणायची, कविता म्हणायची, आणि मी चुका काढायचो. सतराचा पाढा अजूनही मला पोटऱ्यांत आठवतो.

असं सगळं असताना मी रोज काय म्हणत होतो? तर देवा, एकदा या खाटेवरून उठव.

उठवलं त्यानं. पाठ पुरती बरी नव्हती, पण चालता-फिरता झालो, आणि त्याच सुमाराला भत्त्याची मुदतही संपत आली. कंपनीत नवी यंत्रं आली होती, जुनी माणसं नको झाली होती. साहेबांनी दोन वाटा ठेवल्या: गेटवर बसून हलकं काम करा, नाहीतर एकरकमी पैसे घ्या आणि स्वखुशीनं घरी जा. स्वखुशी हा शब्द कागदावर छापलेलाच होता. मी सही केली आणि जुना का होईना, पण स्वतःचा ट्रक घेतला. दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "कंपनीचं ठीक हुतं, पर गावात आपल्या घरातल्या कुणी ष्टेरिंग धरलं न्हाई आजवर. लोक मला म्हणतेत, तुमच्यातलं पोरगं डायवर कावून झालं?" मी म्हणालो, "डायवर न्हाई दादा, मालक झालो."

बीडच्या पेंटरकडून मी ट्रकच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'गिरिजा' असं लिहून घेतलं, दोन्ही बाजूंना कमळं. गाडी दारात उभी केली आणि तिला हाक मारली. मला वाटलं, पोरगी उड्या मारेल. तिनं नाव वाचलं. चाकाला हात लावून बघितला. मग विचारलं, "म्हंजे आता तुमी घरी न्हाई राहणार?"

"येडी हाईस का," मी म्हणालो. "बरा झालो की मी."

खंडेनवमीला ट्रकची पूजा केली. झेंडूची माळ, ज्वारीची धाटं, चाकाखाली लिंबू. दुसऱ्याच दिवशी सीताफळांचा पहिला माल भरला. बालाघाटाच्या डोंगरात ही झाडं बांधाबांधावर, कुणी न लावलेली. फळावरच्या खवल्यांना आमच्याकडे डोळे म्हणतात. डोळे मिटलेले असले की फळ कच्चं. दोन डोळ्यांमधली फट रुंदावून पिवळसर दिसली की डोळे उघडले म्हणायचं, आणि तोडायचं. तोडल्यावर हातात दोन दिवस, फार तर तीन. बायका दुपारभर टोपल्या भरायच्या, तळाशी सीताफळाचाच पाला, वर पाला, आणि पहाटे मी निघायचो. दुपारचा औरंगाबादचा लिलाव गाठायचा. सोबत रज्जाकभाई असायचे, माल घेणारे बागवान, मेंदी लावलेली दाढी, मांडीवर एक नमुन्याची टोपली. दर अर्ध्या तासाला ते एक फळ उचलून दाबून बघायचे आणि म्हणायचे, "चलो मालक, मालाला वेळ न्हाई."

मालक! कंपनीत मी बिल्ला नंबर होतो. दवाखान्यात पेशंट होतो. चहाच्या हॉटेलात बसून खाणारा होतो. आणि आता बाजारसमितीच्या दारात हमालसुद्धा म्हणत, मालक, गाडी इकडं लावा. त्या एका शब्दासाठी मी पट्टा आवळून सात-सात तास सीटवर बसत होतो. पंधरा दिवसांतच माझी ख्याती झाली: टाईमाचा पक्का माणूस. हे कुणी म्हटलं की मला त्या अकरा महिन्यांचा डाग धुतल्यासारखं वाटायचं.

रस्ता घरावरूनच जायचा. पण माल असताना चौसाळ्यात थांबायची सोय नव्हती, म्हणून आमचं दोघांचं ठरलेलं होतं: दुकानापाशी आलो की मी तीन हॉर्न द्यायचे, आखूड. गि-रि-जा. ती हायवेच्या कडेला दगडावर उभी असायची. हात हलवायची, मी आतून हात हलवायचो, की संपलं. त्या क्षणभराच्या भेटीवर मी केवढा खूश असायचो! परतीच्या वेळी गाडी रिकामी असे, पण तेव्हा ती शाळेत असायची किंवा मी इतका दमलेला की पडलो की झोपलो. वेण्या आता महानंदा घाईघाईत घालायची. पेपर दुकानातच राहायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या बाईंनी तिचं नाव बीडच्या वक्तृत्व स्पर्धेला दिलं. शाळेतून एकटीच निवडली गेली होती. पेपर वाचून वाचून जीभ स्वच्छ झालेली, त्यात माझाही थोडा वाटा होता, असं मी रज्जाकभाईंना दोनदा तरी सांगितलं. शाळेतून सोबत कुणी जाणार नव्हतं, घरच्यांनीच न्यायचं होतं. मी म्हणालो, "कुणी कशाला? मीच नेतो. बीडवरूनच जातो की. स्वतःच्या नावाच्या गाडीत बसून जायचं." ती चार दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होती.

त्या दिवशी माल भरायला उशीर झाला. आदल्या दिवशी ऊन कडक पडलं होतं, डोळे नेहमीपेक्षा जास्त उघडलेले, आणि रज्जाकभाई सारखे टोपलीत हात घालत होते. चौसाळ्यात आलो तेव्हा आठ वाजायला आले होते. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. सवयीनं तीन हॉर्न दिले. ती दगडावर नव्हती, खाली रस्त्याला लागून उभी होती. इस्त्रीचा गणवेश, लाल रिबिनी, हातात कागदाची गुंडाळी. तिनं हात वर केला. मी हात हलवला, आणि गेलो.

इथपर्यंत सांगितलं तर तुम्ही म्हणाल, विसरला बिचारा. विसरण्याला माफी असते. माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना कडेनं एक मास्तर चार-पाच पोरं घेऊन जीपची वाट बघत उभे होते. सगळ्यांचे गणवेश इस्त्रीचे. गिरिजाच्या लाल रिबिनी आणि हातातली कागदाची गुंडाळी मला तेव्हा आठवली. पालीपाशी, बिंदुसरेचं धरण दिसतं तिथं, मी गाडी कडेला घेतली. धरण काठोकाठ भरलेलं, पाण्यावर ऊन, कुणी एक जण म्हैस धूत होता. मी स्टेरिंगवर हात ठेवून बसून राहिलो.

"मालक, कावून थांबले?" रज्जाकभाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग फिरवा की गाडी."

"अन् माल?"

"मालाचं मी बघतो. तास-दीड तासानं काय आभाळ पडतंय? पोरगी उभी हाय तिथं."

स्पर्धा अकराला होती. जाऊन, तिला घेऊन, बीडला साडेदहापर्यंत पोचलो असतो. ज्याचं नुकसान व्हायचं तोच माणूस सांगत होता की फिरवा. आणि मी म्हणालो, "नको भाई. घरी तिचा काका हाय. यष्टी हाय. त्यो नेतोय की तिला. लिलाव चुकला तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?" रज्जाकभाई म्हणाले.

मी गिअर टाकला. औरंगाबादेपर्यंत रज्जाकभाईंनी टोपलीत एकदाही हात घातला नाही. लिलाव वेळेत मिळाला. कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, मालक टाईमाचे पक्के. मी पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये शिरलो आणि दुकानात फोन लावला.

दादानं उचलला. "मी म्हणलो तिला, चल बाई, यष्टीनं नेतो," तो म्हणाला. "तर आयकंना. म्हणती, बाबानं हॉर्न दिलाय, म्हंजे मला बघितलंय. मोठी गाडी हाय, वळवायला जागा लागती, म्हणून म्होरं गेलेत. वळवून येतेत. अकरापत्तूर तिथंच हुती उनात. मग घरी गेली."

मोठी गाडी आहे, वळवायला जागा लागते. मीच तिला सांगितलं होतं ते, पहिल्या आठवड्यात, गाडी दारातून काढताना. तिला माझ्या विसरण्याची शंकासुद्धा आली नाही. तिनं माझ्या बाजूनं कारण शोधलं, आणि ते इतकं बरोबर होतं की त्यावर ती तीन तास उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी रंगपेटी घेऊन घरी गेलो. मनात आलं होतं की ती रडेल, भांडेल, मग मी समजूत काढीन, कान धरीन. ती उंबऱ्यावर बसून महानंदाला शेंगा निवडू लागत होती. रंगपेटी घेतली, उघडून बघितली, छान आहे म्हणाली. मी म्हणालो, "गिरू, चुकलं माझं." ती म्हणाली, "चालतंय बाबा. तुमाला काम असतंय." नऊ वर्षांच्या पोरीनं मला समजून घेतलं, आणि त्यानंतर माझ्यावर कधी रुसली नाही. पोरगी बापावर रुसत नाही याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

दगडावर ती परत उभी राहिली नाही. मी मात्र हॉर्न देत राहिलो. दोन वर्षं, चार वर्षं. दादा दुकानातून मान वर करायचा, बस्स. पुढे ती शिकायला अंबाजोगाईला आली, वसतिगृहात राहिली, बक्षिसं मिळवली, वक्तृत्वाचीसुद्धा. तिचं काही अडलं नाही. नोकरी लागली, लग्न झालं. लग्नाच्या दिवशीही मी एक भाडं पोचवून आलो होतो आणि अक्षतांना वेळेत पोचलो, कारण मी टाईमाचा पक्का माणूस. एकोणीस वर्षं ट्रक चालवला. एक विकून दुसरा घेतला, त्यावरही तेच नाव घातलं. शेवटी पाठीनंच हात टेकले तेव्हा थांबलो.

कधी कधी मी हिशोब उलटा मांडून बघतो. ज्याला मी आजार म्हणत होतो त्यात माझ्याकडे एक अख्खी मुलगी होती, तिच्या चुकणाऱ्या पाढ्यांसकट. ज्याला बरं होणं म्हणत होतो त्यात तिचं नाव होतं, तेही गाडीच्या कपाळावर, लोकांना वाचायला. गेटवरची ती हलकी नोकरी घेतली असती तर? पुण्यात एक खोली केली असती, दोघींना नेलं असतं, संध्याकाळी सहाला घरी. मालक कुणी म्हटलं नसतं, इतकंच. आता हे बोलून उपयोग नाही, आणि न बोलूनही राहवत नाही. महानंदा म्हणते, झालं गेलं. ती तशी शहाणी आहे. पण दगडापाशी तीन तास महानंदा उभी नव्हती, आणि स्टेरिंगवर हात ठेवून मीच बसलो होतो.

गिरिजा माझं सगळं करते. गोळ्या वेळेवर, पट्टा नवा, दर महिन्याला डॉक्टर. प्रेमानं करते, त्यात खोट काढायला जागा नाही. बोलताना मात्र कामापुरतं बोलते, आणि मीही तिला जास्त विचारत नाही, न जाणो तिलाही घाई असेल.

आज संध्याकाळी नात, ईश्वरी, वही घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिसरीत आहे. शाळेतून सांगितलंय, घरच्या मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारा आणि लिहून आणा. मी बाहेरच्या खोलीत खाटेवर होतो.

"आई, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा तुझे बाबा काय करायचे?"

मी उशीला टेकून जरा सावरून बसलो. ट्रकच्या गोष्टी माझ्याकडे ढिगानं आहेत, आता ती विचारायला बाहेर येईल म्हणून घसाही खाकरून घेतला.

"माझे बाबा?" गिरिजा म्हणाली. "ते आजारी होते. घरीच असायचे."

"अरे रे. मग तुला वाईट वाटायचं?"

"छे गं! लई भारी दिवस होते ते."

"मग?"

पोळी तव्यावर टाकल्याचा आवाज आला.

"मग काय," गिरिजा म्हणाली, "मग ते बरे झाले."